आधी विहीर बघा, मग खोल्या मोजा

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

आम्ही दोघं पती-पत्नी. यजमान मुंबईत नोकरीला होते. निवृत्तीनंतर आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. समुद्र चालत वीस मिनिटांवर. सासूबाई 84 वर्षांच्या, आमच्याबरोबरच असतात. मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, घरातच पाहुण्यांसाठी ‘निवास-न्याहारी’ सुरू करा. त्याचा बेत मोठा आहे : परसात आणखी दोन एसी खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी 12 लाखांचं कर्ज काढायचं. यजमान म्हणतात, घरी आलेल्या माणसाकडून पैसे कसे मागायचे? सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मासे-मटण चालत नाही, आणि कोकणात आलेला माणूस मासे मागणारच. घर सामाईक आहे, मुंबईच्या दोन चुलत दिरांची नावं लागलेली आहेत. ते गणपतीला आणि मे महिन्यात येतात. मला स्वयंपाकाची आणि माणसांची आवड आहे, पण अनोळखी माणसं रात्री घरात झोपणार म्हटलं की धाकधूक होते. सुरुवात करावी का? आणि कुठून?

— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर

प्रिय ताई,

सुरुवात करा. पण आहेत त्या दोन खोल्यांनी करा आणि कर्जाला अजून हात लावू नका. मीही गुहागर तालुक्यात राहत्या घरात पाहुणे ठेवते, त्यामुळे तुमची धाकधूकही कळते आणि मुलाचा उत्साहही. मुलगा खोल्यांपासून विचार करतोय. तुम्ही विहिरीपासून करा.

कोकणात पाहुण्यांचा मोठा हंगाम दिवाळी ते होळी असतो आणि मग पुन्हा एप्रिल-मे, आंब्याचा. यातला दुसरा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो जेव्हा आपल्या विहिरी तळाला जातात. शहरातला माणूस समुद्रावरून आला की आधी वाळू धुवायला आंघोळ करतो आणि सकाळी उठून पुन्हा करतो. माणशी दीडशे लिटर तरी धरा. दोन खोल्यांत चार माणसं म्हणजे रोजचे सहाशे लिटर, शिवाय चादरी-टॉवेलांचं धुणं आणि तुम्हा तिघांचं रोजचं पाणी. म्हणून येत्या वैशाखात एक काम करा. सकाळी पंप किती वेळ चालल्यावर पाणी खाली जातं आणि संध्याकाळपर्यंत पाझरून परत किती चढतं, हे रोज वहीत लिहा. पहिला पाऊस पडेपर्यंत लिहा. तुमच्या घराला किती खोल्या झेपतील याचा तो खरा हिशेब, कारण मे महिन्यात टँकर मागवून पाहुणे ठेवले तर हातात काही उरत नाही. आणि शेजारची विहीर तुमच्याच पाझरावर असेल तर वाडीत कटुता येते, ती वेगळीच.

पाण्याबरोबर दुसरी गोष्ट संडासाच्या टाकीची. तीन माणसांसाठी बांधलेली टाकी सात माणसांना पुरत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आहे ना, ते मोजून बघा. जुन्या घरांत हे अंतर बऱ्याचदा कमी असतं आणि घरच्यांना त्या पाण्याची सवय झालेली असते. पाहुण्यांच्या पोटाला ती नसते. विहिरीचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, टीसीएल (विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर) किती आणि कधी टाकायचं ते ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारा, आणि पिण्यासाठी गाळणयंत्र बसवा.

आता हातांचा हिशेब. तुम्ही लिहिता की तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे. त्या आवडीवरच हे घर चालणार आहे, म्हणून ती टिकेल अशी व्यवस्था आधीच करायला हवी. घावनाचं उदाहरण घ्या. तांदूळ रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, पीठ पळीवरून सरसर उतरेल इतकं पातळ करायचं. मग बिडाचा तवा चांगला तापवून, कडेकडून पीठ फिरवत घालायचं, झाकण ठेवायचं. जाळी पडली, कडा सुटल्या की काढायचं आणि दुसरं घालायचं. घावन एकावेळी एकच होतं आणि गरमच खायचं असतं. चार पाहुणे प्रत्येकी तीन-चार घावनं खाणार. त्यातले दोघं साडेआठला उठणार, दोघं दहाला. म्हणजे सकाळी तुम्ही दीड-दोन तास तव्यासमोर उभ्या. एक दिवस ते छान वाटतं. दिवाळीच्या आठवड्यात रोज केलंत तर चौथ्या दिवशी कंबर बोलेल.

म्हणून न्याहारीची वेळ बांधून घ्या, साडेआठ ते साडेनऊ, आणि पदार्थ आलटून पालटून ठेवा. एक दिवस घावन किंवा आंबोळी, बरोबर ओल्या नारळाची चटणी. दुसऱ्या दिवशी दडपे पोहे : नारळाच्या पाण्यात, ओल्या खोबऱ्यात, कांदा-मिरची-कोथिंबिरीत पातळ पोहे दडपून ठेवले आणि वरून फोडणी दिली की झालं, पोहे शिजवायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मऊभात, मेतकूट, तूप आणि पोह्याचा पापड. हा शेवटचा पदार्थ तुम्हाला आजारपणातला वाटेल आणि ठेवायला लाज वाटेल. ठेवाच. माझ्याकडे येणाऱ्यांत आजीच्या हातचा मऊभात आठवणारी माणसं असतात आणि तो त्यांना कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. आंब्याच्या दिवसांत सांदणं करा, ती उकडून आधी ठेवता येतात. दुपारचं जेवण अजिबात हातात घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर. रात्रीचं साधं शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगितलं तरच, वेगळ्या पैशांत. तुम्ही ‘निवास आणि न्याहारी’ देताय, तेवढंच नीट द्या.

कर्जाबद्दल मुलाशी भांडू नका, त्याच्याबरोबर कागद घेऊन बसा. समजा, न्याहारीसह एका खोलीचे दोघांचे तुम्ही रात्रीला 2,000 रुपये घेतले. त्यातून न्याहारी आणि दोन वेळचा चहा 200, धुणं 150, मदतीला येणाऱ्या बाईचे 250, वीज आणि गरम पाणी 100, चादरी-भांडी-डागडुजीची झीज 150. हातात राहिले साधारण 1,150. बुकिंगच्या अॅपवरून पाहुणा आला तर त्यांचं कमिशन आणखी वजा. आता 12 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साडेवीस हजारांच्या आसपास बसतो, वर्षाचे जवळजवळ 2 लाख 46 हजार. म्हणजे नुसता हप्ता फेडायला 214 रात्री भरल्या पाहिजेत, नव्या दोन्ही खोल्या प्रत्येकी 107 रात्री. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाहुणा तुरळक. उरलेल्या आठ महिन्यांतल्या सगळ्या शनिवार-रविवारच्या रात्री धरल्या तरी सत्तरच्या वर जात नाहीत. सुट्ट्यांनी ती भर निघेल, भाव थोडे चढेही लावता येतील, पण पहिल्याच वर्षी, घराचं नाव झालेलं नसताना, ही ओढाताण कशासाठी? हप्ता डोक्यावर असला की माणूस नको त्या पाहुण्यालाही हो म्हणतो. घरात पाहुणे ठेवणाऱ्या बाईला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवीच.

पुढे वाढवावंसं वाटलं तर राज्य सरकारचं 2023 चं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण बघा. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि ती तो चालवत असेल तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत मिळतो. लक्षात घ्या, परतावा व्याजाचा आहे, मुद्दल तुम्हालाच फेडायचं आहे. आणि आधी हप्ता भरायचा, मग परतावा मागायचा असा क्रम असतो. व्यवसायाची नोंद आजच तुमच्या नावानं करून ठेवलीत तर ती वाट मोकळी राहील.

तूर्त हातातले पैसे कुठे घालायचे तेही सांगते. बहुतेक सगळे न्हाणीघरात घाला. खोलीला लागून स्वच्छ संडास-बाथरूम, कमोड, न घसरणारी फरशी, गरम पाण्याची सोय, वारा येईल अशी खिडकी. मग गाद्या. कापसाच्या जुन्या गाद्या पिंजून चालणार नाहीत, चांगल्या नव्या घ्या. प्रत्येक पलंगाला पांढऱ्या चादरींचे तीन जोड लागतात : एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यानंतर गाद्या-उशा ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस कडकडीत तापवा, भिंतींना चुना काढा. आपल्या नाकाला कुबट वास जाणवत नाही, पाहुणा दार उघडतो तेव्हा त्याला तोच आधी जाणवतो. इन्व्हर्टर हवाच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, ते तुमच्याकडे कुणी विसरलेलं नसेल. तशी आपत्ती रोज येत नाही, पण वळवाच्या पावसात रात्रभर वीज जाणं नेहमीचं आहे. कौलं दोन-चारशे जादा आणून रचून ठेवा.

एसीचा आग्रह मुलगा धरेल. नळीच्या किंवा मंगलोरी कौलांखाली सिलिंग नसेल तर एसीचा गारवा वर निघून जातो, बिल मात्र येतं. सिलिंग ठोकलं तर घराची उंची जाते, आणि ती उंची बघायला तर माणसं येतात. तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 साली तिथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, पुढे कासव महोत्सव होऊ लागला, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारी माणसं गावातल्या साध्या घरांत राहू लागली. घरचं साधं जेवण, एसीचं नाव नाही. माणसं आली ती कासवांसाठी. तुमच्या गावाच्या आसपास काय आहे, हे तुम्ही पाहुण्याला नीट सांगू शकलात तर खोलीतल्या टाइल्सकडे त्याचं लक्ष जात नाही. हर्णैचा मासळीचा लिलाव किती वाजता बघावा, आसूदला केशवराजाला जाताना ऊन चढायच्या आत का निघावं, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी कुठवर जाते, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं गेलं की किती वळसा वाचतो : हे सगळं यजमानांना माहीत असणारच. ते त्यांनी सांगावं. त्यांच्या कामाबद्दल पुढे बोलते.

आता कागद. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट ही आहे, खोल्यांपेक्षाही. घर सामाईक आहे. आज दीर काही बोलणार नाहीत, पण घरात पैसा येतोय हे दिसलं, किंवा मे महिन्यात आले आणि खोलीत परके लोक आढळले, की आजवर कधी न निघालेला विषय निघतो. कोकणातली कितीतरी घरं अशा न बोललेल्या गोष्टींनी बंद पडलीत. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, आणि दोघा दिरांना फोनवर नाही, समोर बसून सांगा. मग त्यांची लेखी संमती घ्या, मुद्रांक किती रुपयांचा लागेल ते वकिलाला विचारून. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. गणपतीत आणि मे महिन्यातले ठरावीक पंधरा दिवस खोल्या कुटुंबासाठी राहतील. डागडुजीचा खर्च तुम्ही करताय, त्याबद्दल घरावर वेगळा हक्क सांगणार नाही. आणि उत्पन्न मेहनत करणाऱ्याचं. वाटल्यास कौलं फिरवण्याचा दरवर्षीचा सगळा खर्च या कमाईतून करायचं कबूल करा. घर शाबूत राहतंय हे दिसलं की दूर राहणाऱ्या भाऊबंदांचा विरोध बराच मावळतो. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हाही पाहुणे ठेवायचे की नाही, हे सासूबाईंना विचारून आत्ताच ठरवा. मी त्या दिवसांत घर बंद ठेवते.

संमती हातात आली की बाकीचे कागद अवघड नाहीत. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत नोंदणी होते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची वेगळी योजना आहे, त्यात एक ते सहा खोल्या चालतात आणि मालक त्याच घरात राहत असला पाहिजे. तुम्ही राज्याच्या नोंदणीपासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागेल. वीज घरगुती दरानंच राहणार का, हे नोंदणीच्या वेळी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. खाणं देणार म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी करा, लहान धंद्याला ती ऑनलाइन आणि नाममात्र फीत होते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. घराचा विमा असेल तर कंपनीला लेखी कळवा की आता इथे पैसे देणारे पाहुणे राहतात, नाहीतर आग लागल्यावर भरपाई अडते.

अनोळखी माणसांची धाकधूक. ती पूर्ण जाणार नाही, जाऊही नये. पण तिला काही नियमांचा आधार देता येतो. बुकिंग घेतानाच प्रत्येक मोठ्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत मागवा, नुसतं एकाचं चालणार नाही. आल्यावर रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, गाडीचा नंबर आणि सही. परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. त्यासाठी लागणारी तुमच्या घराची नोंदणी आधीच करून ठेवा, पाहुणा दारात उभा राहिल्यावर नव्हे. तुमच्या पोलीस ठाण्यात एकदा यजमानांबरोबर जाऊन या. बीट अंमलदाराचा नंबर भिंतीवर लावलेला असला की तुम्हालाही बरं वाटतं.

जोडपी येतील आणि सगळ्यांची लग्नं झालेली नसतील. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही. तुम्हाला घरात ते नको असेल तर बुकिंग घेतानाच नम्रपणे नाही म्हणा. एकदा घेतल्यावर मात्र ओळखपत्रापलीकडे एक प्रश्नही विचारू नका, आणि मागे वाडीत चर्चा नको. माझं मत विचाराल तर अशी मुलं बहुधा सगळ्यात शांत राहतात. मला त्रास दिला तो जास्त करून आठ-दहा जणांच्या गटांनी, जे ‘दोन खोल्यांत मॅनेज करू’ म्हणून येतात. चारच्या वर माणसं घेऊ नका.

सासूबाईंची खोली आणि पाहुण्यांची खोली यांत एक दार आतून कडी लागणारं असू द्या. मागच्या अंगाला वेगळी वाट असेल तर पाहुण्यांचं येणं-जाणं तिकडून ठेवा, म्हणजे माजघर तुमचं राहील. ओटीवर बसून गप्पा मारायला त्या येतील तेव्हा येतील. म्हातारी माणसं पहिले काही दिवस कुरकुरतात आणि मग पुण्याहून आलेल्या बाईला लोणच्याचं प्रमाण सांगत बसतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. पण तसं झालंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांना नकोसं झालं तर त्यांचं ऐका. घर आधी त्यांचं आहे.

मासे तुमच्या स्वयंपाकघरात येणार नाहीत, इतकं साधं आहे ते. ते लपवू नका आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घेऊ नका. वाडीत किंवा शेजारच्या गावात चांगली मासळी करणारी एखादी बाई नक्की असेल. तिच्याशी ठरवा : आदल्या संध्याकाळी सांगितलं तर ती तिच्या घरी ताट वाढेल, भाव तिचा, पैसे थेट तिला. तुम्ही मध्ये काही ठेवू नका. पाहुण्याला ताजी मासळी मिळते, तिला चार पैसे मिळतात आणि वाडीला वाटतं की या घराचा धंदा आपल्याही उपयोगाचा आहे. मागे पाण्यावरून कटुता येते म्हटलं, ती अशा गोष्टींनीच कमी होते. दारू घरात विकणं-वाढणं हे परवान्याशिवाय गुन्हाच आहे. अंगणात बसून पिणंही चालणार नाही, हे आधीच सांगा.

यजमानांच्या प्रश्नाला आता येते, कारण तो मनापासूनचा आहे. घरी आलेल्या माणसाकडून पैसे मागायचे नाहीत, हे आपल्या अंगात मुरलंय आणि ते वाईट नाही. म्हणून घरात पैसे मागायची वेळच येऊ देऊ नका. सगळा व्यवहार माणूस गावात पाऊल टाकायच्या आधी फोनवर, लिहून पुरा करा. असा एक मजकूर फोनमध्ये साठवून ठेवा :

“नमस्कार. शुक्रवार-शनिवार खोली मोकळी आहे. एका खोलीचे, दोघांचे, सकाळच्या न्याहारीसह एका रात्रीचे 2,000 रुपये. निम्मे आगाऊ, उरलेले येण्याच्या आदल्या दिवशी. सात दिवस आधी रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत. घर कौलारू आहे, एसी नाही; पंखा, इन्व्हर्टर, गरम पाणी आहे. बाथरूम खोलीला लागून आहे. घरात मासे-मटण आणि दारू चालत नाही. मासळीचं ताट जवळच सांगून ठेवता येईल. घरात वयस्कर माणूस आहे, रात्री दहानंतर शांतता हवी. गाडी दारापर्यंत येत नाही, थोडं पायी चालावं लागतं.”

हे वाचून चार जणांतले दोघं येणार नाहीत. ते न आलेलेच बरे. येतील ते काय मिळणार आहे हे जाणून येतील, आणि पुढे गूगलवर जे लिहितील ते तुमच्या घराबद्दल खरं असेल. फोटोही तसेच ठेवा : वाट, पायऱ्या, बाथरूम, पलंग, परस. समुद्र खिडकीतून दिसत नसेल तर समुद्राचा फोटो पहिला लावू नका.

मुंबईचे ओळखीचे, नात्यातले, यजमानांच्या जुन्या ऑफिसातले आधी येतील आणि त्यांच्यासाठी वेगळा भाव कोणता, असा प्रश्न पडेल. माझ्याकडे सरळ आहे. जवळचे नातेवाईक पाहुणे म्हणून येतात, पैसे नाहीत, पण ते आमच्याबरोबर माजघरात झोपतात आणि हंगामात तारखा विचारून येतात. पाहुण्यांच्या खोलीत जो राहील तो खोलीचे पैसे देतो. यजमानांनी हे एकदा मनाशी ठरवलं की त्यांचा संकोच जाईल.

आणि यजमानांचं काम. न्याहारी तुम्ही करणार, तर फोन, बुकिंग, रजिस्टर, पंप, टाकी, बिलं आणि पाहुण्यांना परिसर सांगणं हे त्यांचं. हे आधी वाटून घेतलं नाही तर सगळं तुमच्यावर येतं. बहुतेक घरांत येतं. मदतीला बाई पहिल्या दिवसापासून ठेवा, ‘जमतंय तोवर मीच करते’ म्हणू नका. भरतीची वेळ सांगणं हेही त्यांनी स्वतःकडे घ्यावं. तिथीची पाऊणपट हा हिशेब त्यांना ठाऊक असेल : चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी दाराजवळच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा खडूनं लिहायच्या आणि तोंडानंही सांगायच्या. ओहोटीला पाण्यात उतरायचं नाही, गाडी पुळणीवर न्यायची नाही. दरवर्षी आपल्या किनाऱ्यावर माणसं बुडतात ती बऱ्याचदा अशा गोष्टी न ऐकल्यामुळे किंवा कुणी न सांगितल्यामुळे. विहिरीला जाळी बसवा. माडाखाली गाडी लावू देऊ नका आणि अंगणातल्या माडांचे नारळ, झावळ्या वेळच्या वेळी पाडून घ्या. फुरसं हा विषारी साप आपल्याकडे सर्रास निघतो, म्हणून रात्री बाहेर पडायला प्रत्येक खोलीत टॉर्च ठेवा, आणि दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाचा आणि रात्री यायला तयार असलेल्या रिक्षावाल्याचा नंबर रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहा.

आता क्रम. आधी दिरांशी बोलणं आणि संमती. मग न्हाणीघराचं काम, ते पावसाळ्याच्या आत उरकलं तर उत्तम. गणपती झाले, दीर परत गेले की नोंदणीचा अर्ज. दसऱ्याच्या सुमाराला गाद्या उन्हात. मग ओळखीतलं एखादं कुटुंब दोन रात्रींसाठी बोलवा, पण पूर्ण पैसे घेऊन, आणि जाताना त्यांना विचारा की काय कमी पडलं. रात्री पाणी पिण्यासाठी खोलीत तांब्या होता का, आरशाजवळ दिवा होता का, मोबाइल लावायला पलंगाजवळ बटण होतं का. असल्या गोष्टी घरच्या माणसाला सुचत नाहीत. ते दुरुस्त केलं की दिवाळीच्या तारखा खुल्या करा. विहिरीची वही मात्र येत्या वैशाखापासूनच. तिसऱ्या खोलीचा विषय मुलानं काढला की ती त्याच्यापुढे ठेवा, आणि तोवरचा जमाखर्चही.